वर्गातलं गाणं कुणाच्या मदतीला?



मागच्या व्याख्यानात आपण आठवणं आणि जाणणं यांतल्या फरकाबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एक शिक्षिकाबाई भेटायला थांबल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतात. त्या म्हणाल्या, "सर, मी सातचा पाढा एका सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर बसवलाय. मुलं झकास म्हणतात. पण मधेच ‘सात आठी किती?’ असं विचारलं, की मूल छताकडे बघतं, ओठ हलवतं, सात एके सातपासून सगळं गाणं मनातल्या मनात म्हणतं आणि मग उत्तर देतं. केंद्रप्रमुख येऊन गेले. ते म्हणाले, छान आनंददायी शिक्षण आहे, व्हिडिओ काढून पाठवा. मला मात्र कळत नाहीये, की मी पाढा शिकवला का गाणं शिकवलं?"

आम्ही त्यांना उभ्याउभ्या काहीतरी गोल उत्तर दिलं. निवृत्त प्राध्यापकाकडे गोल उत्तरांचा साठा मोठा असतो. घरी गेल्यावर मात्र चैन पडेना, कारण बाईंचा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा फार चांगला होता. शिवाय त्या प्रश्नाला आमच्या आयुष्यातली एक जुनी, फारशी अभिमानास्पद नसलेली गोष्ट चिकटलेली आहे. तीही आज सांगणार आहोत.

"संगीतामुळे शिकायला मदत होते." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. संगीत कोणाला आवडत नाही? मुलं शिकावीत असं कोणाला वाटत नाही? दोन चांगल्या गोष्टी एका वाक्यात शेजारी बसवल्या, की माणूस मान डोलावतो. पण ‘मदत होते’ म्हणजे नेमकं काय होतं? वर्गात मागे बासरी लावून ठेवणं, पाढ्याला चाल लावणं आणि मुलाला प्रत्यक्ष संगीत शिकवणं या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एकीसाठी मिळालेला पुरावा दुसरीच्या नावावर खपवला जातो, आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

मागे वाजणाऱ्या संगीतापासून सुरुवात करू, कारण गाजावाजा त्याचाच जास्त झालाय. १९९३ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात एक टिपण आलं, जेमतेम एका पानाचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या फ्रान्सिस राउशर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ३६ कॉलेजविद्यार्थी घेतले. त्यांना एकदा मोझार्टची दोन पियानोंसाठीची सोनाटा दहा मिनिटं ऐकवली, एकदा मन सैल करणाऱ्या सूचनांची टेप ऐकवली आणि एकदा नुसतं शांत बसवलं. प्रत्येक वेळी नंतर कोडी दिली. कागदाची घडी घालून तो असा कापला, तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा जातीची. मोझार्टनंतरचे गुण बुद्ध्यांकाच्या हिशोबात आठ-नऊ अंकांनी जास्त भरले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. टिपण संपलं.

बघा, यात लहान मूल कुठेही नाही. शाळा नाही, वाचन नाही, गणित नाही. आहेत ती कॉलेजातली मुलं, घडीच्या कागदाची कोडी आणि पंधरा मिनिटं. पण पाच वर्षांत या पानाचं काय झालं? १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी, झेल मिलर यांनी, राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची टेप किंवा सीडी द्यायची म्हणून १ लाख ५ हजार डॉलरची तरतूद मागितली. त्याच वर्षी फ्लोरिडात कायदा झाला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज अभिजात संगीत वाजलं पाहिजे. मूळ संशोधकांनी बुद्धी वाढते असा दावा केलाच नव्हता, आणि त्यांनी पुढे तसं सांगितलंही. पण तोवर ‘मोझार्ट इफेक्ट’ हा दुकानातला माल झाला होता.

मग इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला. काहींना थोडा फरक दिसला, बऱ्याच जणांना दिसला नाही. २०१० साली व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी, म्हणजे मोझार्टच्याच गावातल्या लोकांनी, चाळीसच्या आसपास अभ्यास आणि तीन हजारांवर माणसं यांचा एकत्र हिशोब मांडला. मोझार्टचं काही खास निघालं नाही. कॅनडातला एक प्रयोग आम्हाला फार आवडतो. तिथे काही विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवला आणि स्टीफन किंग या लोकप्रिय लेखकाची एक गोष्टही ऐकवली. ज्यांना गोष्ट जास्त आवडली, त्यांनी गोष्टीनंतर कोडी जास्त चांगली सोडवली! म्हणजे मन प्रसन्न झालं, झोप उडाली, की माणूस थोडा वेळ तरतरीत होतो. पुण्यात हा प्रयोग पु. लं.च्या टेपवर केला असता, तर आमचा बुद्ध्यांक नक्कीच पाचपन्नासने वाढला असता.

आता आमची गोष्ट. १९९९च्या सुमाराला आम्ही एका शाळेच्या शालेय समितीवर होतो. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस समितीवर असला की शोभा येते, म्हणून घेतलं असावं. शाळेत संगीताच्या एक बाई होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितक्या तासिका घेतील तितकेच पैसे. आठवड्याला बारा तासिका. त्यांची पेटी भात्याला गळायची आणि त्या ती मांडीवर धरून, एका हाताने भाता दाबून वाजवायच्या. दहावीचा निकाल घसरला होता, म्हणून संगीताच्या तासिका कमी करून गणिताला द्याव्यात, असा विषय समितीपुढे आला. आम्ही बाईंच्या बाजूने उभे राहिलो. वर्तमानपत्रातलं मोझार्टचं कात्रण खिशात होतं. मेंदू, बुद्ध्यांक, अमेरिका, सगळं सांगितलं. वीस मिनिटं बोललो. मूळ टिपण आम्ही वाचलेलं नव्हतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर आम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

समितीला पटलं. अगदी पूर्ण पटलं. अध्यक्ष म्हणाले, "सरांचा मुद्दा फार मोलाचा आहे. गणिताच्या तासाआधी रोज दहा मिनिटं शाळाभर कॅसेट लावू." ध्वनिक्षेपक होताच, कॅसेट शंभर रुपयांच्या आत आली. आणि संगीताचा फायदा आता कॅसेटमधून सगळ्या शाळेला रोज मिळत असल्यामुळे बाईंच्या तासिका बारावरून चारवर आल्या. उरलेल्या आठ गणिताला गेल्या.

त्यानंतर एकदा बाई जिन्यात भेटल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की सर तुमच्या बाजूने बोलले. त्या थांबून आम्हाला धन्यवाद देऊन गेल्या. पुढच्या जूनला त्या शाळेत नव्हत्या.

आम्ही बरीच वर्षं या गोष्टीचा दोष समितीला देत होतो. अडाणी माणसं, त्यांना काय कळतं, वगैरे. पण नीट पाहिलं तर समितीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तिने आमच्याच युक्तिवादाचा निष्कर्ष काढला. आम्ही म्हणालो, की संगीत हवं, कारण त्याने गणित सुधारतं. म्हणजे साध्य गणित, साधन संगीत. साधनाबद्दल विचारायचा प्रश्न एकच असतो: याहून स्वस्त काही मिळतं का? मिळालं. कोणी असं म्हणतं का, की गणित शिकवा, कारण त्याने मुलांचा ताल सुधारतो? गणिताला कुणाची शिफारस लागत नाही. संगीताला मात्र दरवेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहून आपला उपयोग सांगावा लागतो, आणि त्याचे हितचिंतक, म्हणजे आमच्यासारखे, त्याला तिथे नेऊन उभं करतात.

यावर कोणी म्हणेल, की मागे वाजणारं संगीत सोडा, पण जी मुलं संगीत शिकतात ती अभ्यासातही हुशार असतात, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. पाहतो, खरं आहे. पण इथे आमच्या नैयायिकांची आठवण काढली पाहिजे. कारण कशाला म्हणावं याची चर्चा करताना त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ नावाची एक कोटी सांगितली आहे. कुंभार मडकं घडवतो. त्यासाठी माती लागते, चाक लागतं, काठी लागते. माती वाहून आणणारं गाढवही तिथेच उभं असतं. मडक्याच्या आधी ते हजर होतं, म्हणून गाढव हे मडक्याचं कारण झालं का? नाही. ते तिथे होतं एवढंच. माती दुसऱ्या कशावरून आली असती, तरी मडकं झालंच असतं.

ज्या घरात मुलाला पेटीच्या क्लासला घालतात, त्या घरात पुस्तकं असतात, फी भरायला पैसे असतात, ने-आण करायला आजोबा असतात. मुलाच्या गुणपत्रिकेचं मडकं कशाने घडलं? पेटी माती आहे का गाढव आहे, हे नुसतं पाहून कळत नाही. ते कळायला चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. टोरांटोजवळ ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली तसा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा वर्षांची १४४ मुलं घेऊन काहींना कीबोर्ड, काहींना गायन, काहींना नाटक शिकवलं आणि काहींना काहीच नाही. वर्षभराने सगळ्यांचाच बुद्ध्यांक थोडा वाढला, कारण सगळी पहिलीत गेली होती. संगीतवाल्यांचा साधारण सात अंकांनी, इतरांचा चारएक अंकांनी. म्हणजे फरक तीनेक अंकांचा. नाटकवाल्या मुलांचं वागणं-बोलणं मात्र सुधारलं, जे संगीतवाल्यांचं सुधारलं नव्हतं. २०२० साली साला आणि गोबे या दोघांनी अशा ५४ अभ्यासांचा, जवळजवळ सात हजार मुलांचा, एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा, की प्रयोगाची मांडणी जितकी काटेकोर, तितका फायदा शून्याच्या जवळ जातो.

थोडक्यात, गाढव बऱ्याच अंशी गाढवच निघालं. बिचाऱ्या गाढवाला यात काही कमीपणा नाही, ते त्याचं काम करत होतं.

मागे वाजणाऱ्या संगीताबद्दल आणखी एक. कान्टने १७९०च्या ग्रंथात संगीताविषयी एक तक्रार केलीय. संगीत शिष्टाचार पाळत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर जाऊन आदळतं. खिशातून अत्तराचा रुमाल काढणाऱ्यासारखं आहे, ज्याला नको त्यालाही वास घ्यावा लागतो. कान्टच्या घराजवळ तुरुंग होता आणि कैदी मोठमोठ्याने स्तोत्रं गात, त्याबद्दल त्याने नगरप्रमुखाकडे तक्रारही केली होती. आपण हसतो, पण वर्गातल्या मुलाला तेवढीही सोय नाही. त्याला उठून जाता येत नाही. त्यातून गाण्याला शब्द असतील, तर तोंडपाठ करण्याच्या कामात ते अडथळाच करतात. बॅडली आणि सालामे यांनी हे १९८० च्या दशकातच दाखवलं. नुसतं वाद्यसंगीत कमी त्रास देतं, शब्दांचं गाणं जास्त. वाचनाच्या तासाला मागे भावगीत लावणाऱ्या शाळांनी हे ऐकावं.

आता चालीकडे येऊ, म्हणजे शिक्षिकाबाईंच्या पाढ्याकडे. चालीने लक्षात राहतं, हे खरंच आहे आणि त्याला प्रयोगशाळेचीही गरज नाही. आमच्या पिढीला संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज तो कशालाही लागत नाही, तरी वयाच्या पंच्याहत्तरीत झोप लागत नसली की आपोआप जिभेवर येतो. अमेरिकेत वँडा वॉलेस यांनी १९९४ साली यात एक बारकावा दाखवला. तीच चाल कडव्यामागून कडव्याला पुन्हापुन्हा आली, तर शब्द जास्त आठवतात. प्रत्येक कडव्याला नवी चाल दिली, तर उलट कमी आठवतात, कारण मग चालही लक्षात ठेवावी लागते. म्हणजे चाल आधी मुरलेली हवी. सिनेमाचं गाणं मुलांच्या अंगात आधीच मुरलेलं असतं, म्हणून बाईंचा पाढा पटकन बसला.

पण चाल देते काय? ती क्रम देते. पुढे काय येतं ते सांगते, आता शब्द किती मोठा हवा ते सांगते. थेट मधल्या जागेवर नेऊन सोडत नाही. सात आठी कुठे आहे? सात सातीच्या पुढे. आणि सात साती? सात सकच्या पुढे. घर सापडतं, पण दरवेळी एसटी स्टँडपासून चालत यावं लागतं. बाईंच्या वर्गातलं मूल छताकडे बघून करतं ते हेच. ते आळशी नाही आणि मठ्ठही नाही. त्याला जे दिलं गेलं, ते तो बरोबर वापरतोय.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वेदपठणाची परंपरा घ्या. ती कुणाला शिकवली आणि कुणाच्या कानावर पडू दिली नाही, हा लाजिरवाणा इतिहास आहे आणि त्यावर या मालेत वेगळं बोलायचंच आहे. पण स्मरणाचं तंत्र म्हणून पाहिलं, तर त्या लोकांना सरळ पाठांतराचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी ओळ मोडली. क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, अशा जोड्या. जटापाठात पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पुन्हा पहिलं-दुसरं. घनपाठात तर तीन-तीन शब्द पुढेमागे, पुढेमागे. मजकुरात एक अक्षर इकडेतिकडे होऊ नये हा हेतू. पण त्यामुळे कुठल्याही शब्दापासून दोन्ही बाजूंना जाता यायला लागलं, हे लक्षात घ्या. पाढ्याला आपण हे कधी केलं? ‘सात साती एकूणपन्नास, सात आठी छप्पन, सात आठी छप्पन, सात साती एकूणपन्नास.’ सिनेमाची चाल इथे मोडून पडते. पडू द्यावी. तिचं काम झालंय.

एवढं करूनही अर्थ येत नाही, हेही त्याच परंपरेने सांगून ठेवलंय. यास्काच्या निरुक्तात पहिल्याच अध्यायात येतं, की वेद पाठ आहे पण अर्थ ठाऊक नाही असा माणूस म्हणजे ओझं वाहणारा खांब. घनपाठी असला तरी खांबच. छप्पन म्हणजे सातचे आठ गट, हे मुलाला चालीतून कळत नाही आणि उलटसुलट म्हणूनही कळत नाही. चाल त्याबाबतीत मुकी आहे. याच चालीवर ‘सात आठी चोपन्न’ म्हटलं, तरी गाणं तितकंच सुरेल लागतं. चुकीचं उत्तर बेसूर वाटत नाही, यातच सगळं आलं.

मग संगीत असं कुठे आहे, की जिथे चूक केली तर ती ऐकू येते? आहे, आणि आमच्या मते वर्गातली संगीताची खरी जागा तीच आहे.

व्याकरणाच्या पुस्तकातली वृत्तं घ्या. मंदाक्रान्ता: अक्षरं सतरा, गण म भ न त त ग ग. मुलं अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करतात, गण पाडतात, नाव लिहितात, गुण घेतात. त्यातल्या किती मुलांनी मंदाक्रान्ता कानाने ऐकलीय? पहिली चार अक्षरं गुरू, पाय ओढत चालल्यासारखी. मग पाच लघू एकदम झरझर आणि एका गुरूवर थांबा. मग सात अक्षरं हेलकावे घेत. हे एकदा म्हणून दाखवलं, की चुकलेलं अक्षर मुलाला स्वतःच टोचतं. जिथे चाल हाच विषय आहे, तिथून आपण चाल हद्दपार केली आणि जिथे तिचा विषयाशी संबंध नाही तिथे ती चिकटवली. मराठीच्या तासाला कविता मुक्याने वाचायची आणि सामान्यज्ञानाच्या तासाला जिल्ह्यांची नावं गायची!

किंवा लक्षणगीत. पंडित भातखंडे यांनी ‘चतुर’ या नावाने अशी पुष्कळ गीतं रचली. रागाची लक्षणं त्याच रागात गायची. भूपाचं लक्षणगीत असेल, तर शब्द सांगतात, की यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, वादी गंधार आहे. आणि ते सांगताना गळा स्वतः गंधारावरून पंचमावर जात असतो. मध्यम चुकून लागला, तर तुमचेच शब्द तुमची चूक दाखवतात. सांगणं आणि करणं एकाच वेळी. भातखंडे शिक्षणाने वकील होते, त्यामुळे पुरावा हजर कसा ठेवायचा ते त्यांना चांगलं माहीत असावं.

आणखी एक उदाहरण देतो आणि त्यात जरा रमतो, रागावू नका. तिहाई. एखादा बोलाचा तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर आणायचा. तीनताल, सोळा मात्रा. तुकडा पाच मात्रांचा आहे, मधे थांबायचं नाही. सुरुवात कुठून करू? पाच त्रिक पंधरा, शेवटचा ठोका सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर हवा. तर तिसऱ्या मात्रेपासून. तीन ते सात, आठ ते बारा, तेरा ते सतरा. जमलं. तुकडा चार मात्रांचा केला तर? सहाव्या मात्रेपासून. हे फळ्यावर लिहून नका सांगू. मुलांना टाळ्यांवर शोधू द्या. चुकलं तर शेवटचा ठोका समेच्या अलीकडे तरी पडतो किंवा पलीकडे तरी, आणि सगळा वर्ग हसतो. बाईंनी तांबड्या शाईने काही करायची गरज पडत नाही.

आता सांगा, इथे कोण कुणाच्या मदतीला आलं? आम्हाला तरी वाटतं, की गणित संगीताच्या मदतीला आलं. मुलाला समेवर यायचंय, म्हणून ते हिशोब करतंय. आमच्या समितीपुढे आम्ही नेमकं उलटं सांगत होतो.

ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’च्या आठव्या भागात संगीत शिकवावं का, याची सविस्तर चर्चा केलीय. वाचन, लेखन, व्यायाम, चित्रकला यांचे उपयोग तो सांगतो. संगीताकडे आला की म्हणतो, हे ना गरजेचं, ना तसं उपयोगाचं. हे आहे रिकामा वेळ चांगला घालवण्यासाठी. रिकाम्या वेळेला ग्रीकमध्ये शब्द ‘स्कोले’. त्याच शब्दापासून युरोपातल्या भाषांमधला शाळेचा शब्द आला. गंमत म्हणजे तिथेच तो खुळखुळ्याचीही गोष्ट सांगतो. आर्किटसचा खुळखुळा फार चांगली कल्पना आहे, मूल त्यात गुंततं आणि घरातल्या वस्तू फोडत नाही. मोठ्या मुलांचा खुळखुळा म्हणजे शिक्षण. आमच्या शाळेत ध्वनिक्षेपकावर वाजायचा तो मोझार्ट खुळखुळा होता. वाजतोय तोवर कुणी काही फोडत नाही, आणि समितीला वाटतं शिक्षण चाललंय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-एकात्मिक शिक्षणावर भर आहे. सगळे विषय कलेच्या अंगाने शिकवावेत, असं ते सांगतं. हेतू चांगला आहे. आम्हाला भीती एवढीच, की कला सगळ्या विषयांत विरघळली की तिचा वेगळा तास कशाला, असं कोणीतरी विचारेल. तो प्रश्न आम्ही एकदा ऐकलेला आहे.

तर शिक्षिकाबाई, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून तुम्हालाच सांगतो. सिनेमाची चाल टाकून देऊ नका. मुलांना ती आवडते, सकाळी त्यांची झोप उडते, एवढं कारण पुरे आहे. बुद्ध्यांकाचं नाव घ्यायची गरज नाही. पाढा पाठ झाला, की जटापाठासारखा उलटसुलट करून घ्या. आणि मग एक दिवस चाल बाजूला ठेवून रूपक धरा. रूपक तालाच्या मात्रा सात: तीन, दोन, दोन. पहिल्या मात्रेवर खाली, म्हणजे नुसता हात हलवायचा, चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर टाळी. तबला लागत नाही, बाक असला की झालं. एक आवर्तन झालं की एका मुलाने खडा ठेवायचा. आठ खडे झाले की थांबवा आणि विचारा, आत्तापर्यंत किती मात्रा झाल्या? कोणी पाढा म्हणेल, कोणी बोटं मोजेल. एखादं मूल म्हणेल, सात खड्यांना एकूणपन्नास होत्या, आता आणखी एक फेरी झाली. त्या मुलाला सात आठी म्हणजे काय ते कळलंय. त्याने छताकडे पाहिलं तरी चालेल.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही पुन्हा संगीताला गणिताच्या गाड्याला जुंपलंत. असेल. पण या वेळी वर्गातली तीस मुलं रूपक धरायला शिकलेली असतील, आणि ते कॅसेटने होत नाही. त्याला बाई लागतात.

बराच वेळ झाला. मागे कुणीतरी मघापासून हात वर केलाय, त्यांचा प्रश्न घेऊ.